निळी टरफलं

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात मिथिलीन ब्लूची छोटी बाटली मिळते. माशांना बुरशी लागली की टाकीत त्याचे थेंब टाकतात. ही बाटली आणि मूठभर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, एवढ्यावर या प्रकरणाचा मुख्य प्रयोग घरच्या ओट्यावर होतो. टरफलं खलबत्त्यात भरड कुटायची आणि गरम पाण्यातून दोन-तीनदा काढायची. पहिलं पाणी चहासारखं तांबूस येतं, ते ओतून द्यायचं. पाणी स्वच्छ येऊ लागलं की टरफलं उन्हात वाळवायची. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात मिथिलीन ब्लूचे दोन थेंब टाकायचे. लगेच आभाळी निळा रंग पसरतो. त्यात दोन चमचे टरफलं घालून अधूनमधून ढवळत राहायचं. तासाभरात निळाई फिकी पडलेली दिसते. रात्रभर झाकून ठेवलेला ग्लास सकाळी उघडला की पाणी जवळजवळ निवळलेलं असतं आणि तळाशी बसलेली टरफलं गडद निळी झालेली असतात.

शेजारी दुसरा ग्लास हवाच. त्यात मिठाईत घालतात तो लाल खाद्यरंग, अगदी चिमूटभर. तेवढीच टरफलं, तेवढाच वेळ. सकाळी हा ग्लास लालच असतो. टरफलांवर जरासा गुलाबी डाग दिसेल, बस्स. लिंबू पिळलं तर थोडा फरक पडतो, पण लाल काही जात नाही.

शेतातल्या टाकाऊ मालाने रंगाचं पाणी स्वच्छ करता येतं, अशा बातम्या अधूनमधून येत असतात. कधी संत्र्याची साल, कधी भाताचं तूस, कधी कडुनिंबाची पानं. त्या बहुतेक बातम्यांच्या मुळाशी पहिला ग्लास असतो आणि आपल्या ओढ्यानाल्यांतून वाहतो तो बहुतेक करून दुसरा. या दोन ग्लासांमधलं अंतर समजलं, तर या साऱ्या विषयातलं खरं काय आणि उतावीळ काय हे ज्याचं त्याला ओळखता येईल.

आधी रंगाबद्दल. कापडाचे रंग पाण्यात इतके चिवट का ठरतात, याचं उत्तर त्यांच्या जन्मातच आहे. ते चिवट असावेत म्हणूनच घडवलेले असतात. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवायला निघाला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. कृत्रिम रंगांचा कारखानदारी इतिहास तिथून सुरू झाला. घाम, साबण, ऊन आणि धोबीघाटावरची आपट सोसून जो टिकेल तो चांगला रंग, हीच तेव्हापासूनची कसोटी. कपड्यावर टिकणारा रंग नदीत गेल्यावरही टिकतोच. मैल्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांमध्ये जिवाणू सोडलेले असतात, पण हवेशीर टाकीतल्या त्या जिवाणूंना यातले कित्येक रंग पचत नाहीत. जिवाणूंनी बाकीची घाण खाल्ली तरी पाणी रंगीतच बाहेर पडतं. काही रंग तर लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम असले तरी डोळ्यांना दिसतात. पाण्यात उतरणारा उजेड रंग अडवतात आणि तळाच्या शेवाळ-वनस्पतींचं अन्न तयार करणं मंदावतं. काही ॲझो रंग तुटताना कर्करोगाशी नातं असलेली द्रव्यं बाहेर पडतात. तशा रंगांवर भारताने १९९०च्या दशकातच बंदी घातली.

पर्किनच्या शोधाला शंभर वर्षं होत असताना, १९५६ साली, इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीने 'प्रोसिऑन' नावाचे रंग बाजारात आणले. हे रिॲक्टिव्ह रंग. सुताच्या धाग्यावर ते नुसते बसत नाहीत, धाग्याशी त्यांचा रासायनिक सांधा जुळतो. सुती कापड धुतल्यावर रंग उतरत नाही याचं श्रेय मोठ्या प्रमाणावर त्यांना आहे. मात्र हा रंग जसा धाग्याशी सांधा जुळवतो तसाच पाण्याशीही जुळवतो, आणि एकदा पाण्याशी जुळला की धाग्याला धरण्याची त्याची ताकद संपते. तो भाग धुऊन काढावाच लागतो. रंगाच्या जातीनुसार शंभरातले दहा ते चाळीस भाग असे वाया जातात. एक किलो सुती माल या पद्धतीने रंगवायला साधारण ७० ते १५० लिटर पाणी, ३० ते ६० ग्रॅम रंग आणि ६०० ते ८०० ग्रॅम मीठ लागतं. हा मिठाचा आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे कामाला येणार आहे.

हे पाणी जातं कुठे, हे वस्त्रोद्योगाच्या गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. इचलकरंजीत काळा ओढा आहे, पुढे पंचगंगा आहे आणि नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या बनियन-टीशर्टचं पाणी नोय्यल नदीत जात राहिलं. खालच्या ओरत्तुपाळयम धरणात सिंचनासाठी साठवलेलं पाणी शेताला देण्याजोगं उरलं नाही. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले सातशेहून जास्त रंगाई कारखाने बंद करायला लावले. ज्या गावाचं पोट रंगावर, त्याच गावाची विहीर रंगाने बाटलेली. हा पेच कुण्या एका कारखानदाराच्या दुष्टपणातून आलेला नाही, म्हणूनच स्वस्तातला उपाय शोधण्याची तळमळ खरी आहे.

रंग धरून ठेवण्याची युक्ती मात्र जुनी आहे. १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ नावाचा औषधनिर्माता टार्टारिक आम्लाचे स्फटिक बनवत होता. द्रावण तपकिरी व्हायचं. त्यात लाकडी कोळशाची पूड पडली की ते निवळतं, हे त्याने पाहिलं. साखर कारखान्यांनी पुढे हीच युक्ती उचलली. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो ते शोषण. इथे रंग आत मुरत नाही, पृष्ठभागाला लागून राहतो. माळावरच्या गवतातून चालून आलं की धोतराला, लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटतात ना, तसं. कुसळं किती लागतील हे कापड किती मोठं आहे यावर ठरतं आणि ते कापड सुती आहे की रेशमी यावरही.

मोठं कापड म्हणजे सक्रिय कोळसा. नारळाची करवंटी हवा तोडून जाळली आणि मग तापलेल्या वाफेने तिच्यात बारीक छिद्रं पाडली की एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत जातो. चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन! पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांसाठी असा कोळसा हवा होता, तेव्हा अमेरिकेत लोकांकडून पीचच्या आठळ्या आणि अक्रोडाची कवचं गोळा केली गेली. म्हणजे शेतमालाच्या टाकाऊ भागाने घाण धरून ठेवण्याची कल्पना शंभर वर्षांपूर्वीच सैन्याच्या कामी आलेली आहे. कोळसा रंगावर चालतो आणि चांगला चालतो. अडचण किमतीची आहे. तो बनवायला भट्टी लागते आणि भरल्यावर पुन्हा मोकळा करायलाही भट्टीच लागते. प्रत्येक फेरीत थोडा कोळसा जळून जातो.

म्हणून प्रश्न आला की करवंटी न जाळताच वापरली तर? १९७६ साली उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले पूट्स, मकाय आणि हिली यांनी दलदलीतलं पीट आणि लाकूड यांच्यावर आम्लधर्मी रंग बसवून पाहिला. लिननच्या तलम कापडासाठी नावाजलेलं ते शहर, तेव्हा रंगाचं पाणी त्यांना परकं नव्हतं. आपल्याकडे कोईम्बतूरच्या भारतियार विद्यापीठात सी. नमशिवायम यांनी १९९०च्या दशकात केळीच्या खुंटाचा गाभा, संत्र्याची साल आणि काथ्या काढल्यावर उरणारा नारळाचा भुसा यांवर चिकाटीने काम केलं. तिथून तिरुप्पूर हाकेच्या अंतरावर. हे काम गरजेच्या पोटी जन्मलेलं होतं, आणि ते वाचताना ती गरज जाणवते. त्यानंतर मात्र अशा प्रबंधांचा जगभर पूर आला. तुरीच्या तुराट्या, मक्याची बुरकुंडं, चिंचेची टरफलं, बाभळीची साल: झाडाचा जो भाग सुचेल त्यावर कुणी ना कुणी मिथिलीन ब्लू ओतून पाहिलेला आहे.

मिथिलीन ब्लूच का? १८७६ मध्ये हाइनरिक कारोने जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत तो बनवला. स्वस्त, सगळीकडे मिळणारा, मोजायला सोपा. रक्ताच्या नमुन्यातला हिवतापाचा परजीवी दिसावा म्हणून जे रंग वापरतात त्यांतही तो आहे. प्रयोगशाळेला यापेक्षा सोयीचा रंग नाही. शिवाय त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो, आणि इथेच खरी मेख आहे.

वनस्पतीचा कुठलाही भाग घ्या, तूस, चिपाड, टरफल. त्यात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतात. त्यांच्या रेणूंवर कार्बोक्झिल आणि फिनॉल गट लटकलेले असतात. फारसं आंबट नसलेल्या पाण्यात हे कार्बोक्झिल गट हायड्रोजन सोडून देतात आणि टरफलाचा पृष्ठभाग ऋण होतो. धन रेणू त्याकडे धावतात. कच्च्या टरफलाला कोळशासारखे दहा गुंठे नसतात, त्याच्या वाट्याला ग्रॅममागे अगदी थोडी जागा येते. तरी निळा रंग त्याला धरतो, कारण ही ओढ विजेची आहे. खाद्यरंगाचा रेणू याच्या उलट, ऋण. तो टरफलापासून दूरच राहतो. आणि सुती कापडाचे रिॲक्टिव्ह, डायरेक्ट असे सगळे मुख्य रंग त्या लाल ग्लासाच्या बाजूचे आहेत. सगळे ऋण.

आता ते मीठ. सुताचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे टरफलाचाच भाऊबंद. पाण्यात तोही ऋण होतो आणि ऋण रंगाला दूर लोटतो. ही ढकलाढकल शमावी म्हणून रंगारी किलोमागे पाऊण किलोच्या आसपास मीठ टाकतो. जी गोष्ट कारखान्यात रंगाऱ्याला छळते, तीच ओट्यावरच्या दुसऱ्या ग्लासात दिसत असते. हे जोडून पाहिल्यावर मला या विषयाची नीट वाट सापडली, आणि थोडा रागही आला. दोन-तीन दशकं हुशार मुलामुलींनी शुद्ध पाण्यात मिथिलीन ब्लू घोळवून प्रबंध लिहिले. इचलकरंजी किंवा सोलापूरच्या टॉवेल-चादरींच्या पाण्याची एक बादली त्यांच्या टेबलावर आणून ठेवली असती तर तेवढ्याच मेहनतीत केवढं काम झालं असतं! त्या बादलीत सोड्याने अल्कधर्मी झालेलं कोमट पाणी असतं, मीठ असतं, कांजी असते, साबण असतो आणि चार-पाच रंग एकात एक मिसळलेले असतात.

वाटा नाहीत असं नाही. पाणी आंबट केलं तर टरफलाचा ऋणभार मावळतो आणि ऋण रंग काही प्रमाणात चिकटतो. पण हजारो लिटर पाणी आधी आंबट करायचं आणि सोडण्यापूर्वी पुन्हा समतोल करायचं, यात आम्ल जातं, चुना जातो आणि पाण्यातले क्षार वाढतात. दुसरी वाट टरफलावरच धन भाराचे अमोनियम गट बसवण्याची. मग तेच टरफल लाल ग्लासही निवळून दाखवतं. हे प्रयोगशाळेत चांगलं जमतं. पण तेव्हा 'फुकटचं टाकाऊ' हे बिरूद गळून पडतं, कारण किंमत आता रसायनाची होते.

फुकट ही गोष्टसुद्धा शेतकऱ्याला विचारूनच ठरवावी. ज्वारीचा कडबा जनावराच्या तोंडचा घास आहे, त्याला टाकाऊ म्हणणाऱ्याने उन्हाळ्यात पेंडीचा भाव विचारावा. उसाचं चिपाड कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जळतं आणि त्यावर वीज होते. तूस वीटभट्टीला जातं, भुईमुगाच्या टरफलांच्या जळणाच्या कांड्या बनतात. खरोखर नकोशी झालेली वस्तू म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची पऱ्हाटी. तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते म्हणून वेचणी संपली की ती शेतातून काढा असं कृषी खातं सांगत असतं, आणि बांधावर ती पेटवली जाते. पण ती पेटते तिथून रंगाईचा कारखाना शेकडो किलोमीटर लांब. असा हलका, फुगीर माल ट्रकमध्ये भरला की ट्रक भरतो, वजन भरत नाही.

एक हिशेब करून पाहू. कच्च्या तुसाच्या बाबतीत ग्रॅममागे चाळीस मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू धरल्याचा आकडा प्रसिद्ध झालेला आहे. खऱ्या पाण्यात त्याच्या निम्मं काम झालं असं समजू, म्हणजे किलोमागे वीस ग्रॅम रंग. रोज एक लाख लिटर पाणी सोडणारा कारखाना धरा आणि लिटरमध्ये शंभर मिलिग्रॅम रंग. म्हणजे रोज दहा किलो रंग पकडायचा. त्याला रोज पाचशे किलो तूस लागेल. भरली की एक ट्रॅक्टर-ट्रॉली. सकाळी कोरडी ट्रॉली आत येणार आणि संध्याकाळी पाण्याने जड झालेली, रंगाने भरलेली ट्रॉली बाहेर पडणार. ही ट्रॉली बाहेर पडून जाणार कुठे?

त्याकडे वळण्यापूर्वी एका वस्तूबद्दल सांगायलाच हवं, कारण माझ्या मते महाराष्ट्रात पहिली संधी तिला मिळायला हवी: साखर कारखान्याच्या चिमणीखाली सापडणारी चिपाडाची राख. चिपाड विकलं जातं, जाळलं जातं, पण राख उरते आणि ती ढिगाने पडून असते. तिच्यात न जळलेला कोळशाचा अंश असतो, म्हणजे आयता, अर्धाकच्चा सक्रिय कोळसा. भट्टीचा खर्च आधीच उसाच्या खात्यावर पडलेला. कोळशाचा पृष्ठभाग केवळ विजेच्या ओढीवर अवलंबून नसतो, त्यामुळे ऋण रंगही त्याला काही प्रमाणात धरतात. रुरकीच्या संशोधकांनी या राखेवर रंगांचं काम केलेलं आहे. आणि इचलकरंजी उसाच्या पट्ट्यातच वसलेली आहे. राखेचा ढीग आणि रंगाचं पाणी एकाच तालुक्यात, फार तर शेजारच्या तालुक्यात.

कच्च्या तुसाचंही योग्य जागी सोनं होऊ शकतं, पण ती जागा थोडी दूर आहे. ॲक्रिलिकच्या धाग्यावर, म्हणजे स्वस्त स्वेटर आणि शालींच्या लोकरीसारख्या धाग्यावर, धन भाराचेच रंग लावतात. या धाग्याची मोठी रंगाई लुधियानात होते, आणि लुधियानाच्या चहूबाजूंनी भाताची शेतं आहेत, तुसाच्या गिरण्या आहेत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेटवला जाणारा पेंढा आहे. हा रंग बहुतेक सगळा धाग्यावरच बसतो, पाण्यात उरतो तो थोडासा; तेवढा थोडा शेवटी टिपून घ्यायला तुसाचा थर पुरेल. तिथलं सगळंच पाणी या जातीचं नसतं हे खरं. पण वेगवेगळ्या रंगांचं पाणी एकाच गटारात ओतण्याआधी वेगळं ठेवलं, तर पहिल्या ग्लासातला प्रयोग तिथे कामाला लागू शकतो.

आता ती संध्याकाळची ट्रॉली. ओट्यावरच्या निळ्या टरफलांतली चमचाभर घ्या, त्यांवर अर्धी वाटी व्हिनेगर ओता, चमचाभर मीठ घाला आणि ठेवून द्या. काही वेळाने व्हिनेगर निळसर दिसू लागेल. आम्लातले आणि मिठातले धन कण टरफलावरच्या जागा घेतात आणि रंग परत पाण्यात येतो. रंग कुठेच गेलेला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली होती. उघड्यावर टाकलेला रंगीत तुसाचा ढीग पहिल्या मोठ्या पावसात असाच वागू शकतो, आणि मग नाल्यात जायचं ते विहिरीत जातं. कारखान्याच्या पाण्यातून निघालेला असा चोथा रीतसर घातक कचऱ्यात मोडू शकतो. सुकवून सिमेंटच्या भट्टीत जाळणं हा एक मार्ग, पण रंगाच्या रेणूत क्लोरीन किंवा धातू असेल तर कमी आचेच्या वीटभट्टीत किंवा चुलीत तो जाळणं धोक्याचं.

सगळ्यांत देखणा मार्ग मला उत्तर आयर्लंडमधल्याच, अल्स्टर विद्यापीठातल्या, २०००च्या सुमाराच्या कामात दिसला. पूनम निगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाचं काड, लाकडाचे तुकडे आणि मक्याची बुरकुंडं यांच्यावर कापडाचे रंग चढवले. इथवर नेहमीचंच. पुढे त्यांनी त्या रंगीत काडावर लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशी सोडल्या. जंगलात पडलेल्या ओंडक्यावर पांढरी, लोकरीसारखी जाळी पसरलेली आपण पाहतो, त्या कुळातल्या. निसर्गात लिग्निनइतकं चिवट दुसरं फार थोडं आहे, आणि या बुरशी ते फोडतात. त्यासाठी त्या जी विकरं सोडतात ती फारशी चोखंदळ नसतात; लिग्निनशी साधर्म्य असलेली कडी रंगाच्या रेणूत दिसली की तीही तोडतात. म्हणजे काड हे रंग टिपणारं फडकं, आणि तेच बुरशीचं अन्न. बुरशी काड खाता खाता रंगही मोडते, आणि उरलेल्या कुजलेल्या काडात प्रथिनं वाढतात. ते जमिनीत मिसळता येईल का, असा विचार त्या कामात होता. याला दिवस लागतात, ओलावा आणि तापमान सांभाळावं लागतं. अळिंबीची शेती करणाऱ्या बाईला यातलं एकही काम नवं वाटणार नाही. पेंढा उकळून बुरशीचं बी पेरण्याचं हेच तंत्र ती रोज वापरते. मात्र रंगाचा पेंढा आणि खाण्याच्या अळिंबीचा पेंढा एका छपराखाली येता कामा नये.

ओट्यावरची निळी टरफलं कुंडीत टाकू नका. उन्हात वाळवा. ग्लासभर निळ्या पाण्याच्या जागी आता चमचाभर कोरडी, कुडकुडीत टरफलं उरतील, झाकणाच्या डबीत मावणारी. व्हिनेगरचं निळसर पाणी मात्र मोरीत ओतू नका; धुतलेली टरफलं थोडी शिल्लक असतील तर ती त्यात टाका. आंबट पाण्यात ती या वेळी सावकाश काम करतील. चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, फसफसणं थांबू द्या आणि सकाळपर्यंत झाकून ठेवा.